कलावतीबाईंची करंगळी आणि मी

मित्रांनो, मी एक जुना सेन्सर आहे. फोनच्या पडद्याखाली मधोमध चिंचोक्याएवढी काळी जागा असते ना, ती मी. बोट ठेवलं की ठसा ओळखायचा आणि कुलूप उघडायचं, एवढंच माझं काम. मला डोळे नाहीत. कानही नाहीत, पण शेजारी माइक राहतो, त्याचं उसनं ऐकतो.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथे तपासणीसाठी एका रबरी बोटाने मला सत्तर हजार वेळा दाबलं. माझं बालपण म्हणजे तेवढंच. त्या बोटाला ठसा नव्हता, त्यामुळे आमची ओळख काही झाली नाही.

पुढे डोंबिवलीच्या एका दुकानातून ठाकुर्लीच्या संदेशने आम्हाला त्याच्या आईसाठी विकत घेतलं. त्याला बंगळूरला नोकरी लागली होती. आई एकटी राहणार, म्हणून फोन. आई म्हणजे कलावतीबाई. शकूताईंच्या पोळीभाजी केंद्रात त्या रोज चारशे पोळ्या लाटायच्या आणि तव्यावरची पोळी बोटांनीच उलटायच्या. तेव्हाच बारा वर्षं झाली होती.

पहिल्या दिवशी संदेशने त्यांचा उजवा अंगठा माझ्यावर ठेवला. मी खूप शोधलं. ठसा नव्हता. मग दुसरं बोट, तिसरं बोट. दहाही बोटं गुळगुळीत. मला रबरी बोटाची आठवण आली.

"आई, हे म्हणतंय की तू नाहीयेस," संदेश म्हणाला.

"मग या चारशे पोळ्या कोण लाटतं, विचार त्याला," कलावतीबाई म्हणाल्या.

संदेश वैतागला. चेष्टेत त्याने फोन त्यांच्या पायाला लावला. पायाचे अंगठे भेगाळलेले होते, तेही जमले नाहीत. पण डाव्या पायाच्या करंगळीने आयुष्यात कधी कसलंच काम केलेलं नव्हतं. तिचा ठसा नवा करकरीत होता. मी तो पहिल्याच फटक्यात घेतला.

मित्रांनो, तेव्हापासून सुरू झाले माझे सुखाचे दिवस. कलावतीबाई एक पाय पसरून पाटावर बसायच्या आणि फोन पिठाच्या डब्याला टेकवून ठेवायच्या. दोन्ही हात कणकेत. व्हॉट्सअ‍ॅपवर ऑर्डर आली की पाय जरा तिरका करून करंगळी लावायच्या, मी उघडायचो. केंद्रातल्या बायका हसायच्या. शकूताई म्हणायच्या, "कले, उद्या पायाने पोळ्या लाटशील." पण खरी गोष्ट पुढेच आहे. वस्तूला पाय लागला की पाया पडायचं, असं कलावतीबाईंना लहानपणी शिकवलेलं होतं. त्यामुळे दर वेळी करंगळी लावली की त्या पिठाचा हात मला लावून आपल्या कपाळाला लावायच्या. दिवसाला चाळीस वेळा पाय आणि चाळीस वेळा नमस्कार. असा मान कुठल्या सेन्सरला मिळाला असेल, असं मला वाटत नाही. संध्याकाळी घरी जाताना त्यांच्या कपाळावर पिठाचा जाड थर असायचा, असं माइकने शकूताईंच्या तोंडून ऐकलेलं आहे.

घरी बोलायला कुणी नसायचं. तिथे तर हात रिकामे असायचे, तरी त्या उगाच करंगळी लावायच्या, संदेशचा जुना फोटो बघायच्या, नमस्कार करायच्या आणि फोन ठेवून द्यायच्या. थोड्या वेळाने पुन्हा तेच. मला वाटायचं, त्यांना माझी सोबत होते. मला त्यांची होत होती, एवढं नक्की.

दिवाळीला संदेश आला. आईला डॉक्टरांच्या दवाखान्यात सगळ्यांसमोर चप्पल काढून फोन उघडताना त्याने पाहिलं.

"आई, अगं लोकांसमोर फोनला पाय लावतेस. बरं दिसत नाही."

"नमस्कार करते ना मग."

"ते त्याहून वाईट दिसतं."

त्याच संध्याकाळी त्याने आईचा चेहरा फोनमध्ये भरला. म्हणजे आता काम कॅमेऱ्याचं. कॅमेरा वरच्या मजल्यावर राहतो, मी तळमजल्यावर. चार वर्षं एकाच इमारतीत राहून आमची बोलचाल नाही. त्याने बाईंना रोज पाहिलं, पण कधी स्पर्श केला नाही. मी रोज स्पर्श केला, पण त्या कशा दिसतात ते मला आजही माहीत नाही.

संदेशने माझ्यातली करंगळी पुसली मात्र नाही. प्रेमाने नव्हे. विसरला. शिवाय स्टेशनबाहेरच्या माणसाकडून पडद्यावर चिकटवायची जादा काच बसवून घेतली. ती दुसऱ्याच मॉडेलची होती आणि मी तिच्याखाली पूर्ण झाकला गेलो.

अकरा महिने. त्या काळात मी काय केलं, असं तुम्ही विचाराल. काही नाही. काचेवरून मुंगी जात असेल, असं मी धरून चालायचो. वर कॅमेऱ्याला चेहरा दिसायचा, फोन उघडायचा. पाय नाही, त्यामुळे नमस्कारही नाही. चेहरा दाखवून कुणी पाया पडत नाही.

मग तो दिवस आला. बचत गटातल्या बायकांना डोंबिवलीत गाळे मिळणार होते. कलावतीबाईंनी अर्ज केला होता आणि त्यांचं नाव लागलं होतं. स्वतःचं केंद्र, सतरा वर्षांनी. त्यासाठी ठाण्यातल्या एका कार्यालयात जाऊन अर्जाची पावती दाखवायची होती, तीही जेवणाच्या सुट्टीआधी. नाहीतर गाळा यादीतल्या पुढच्या नावाला. पावती फोनमध्ये होती. आणि आदल्या रात्री दाढ दुखून बाईंचा गाल सुजला.

कार्यालयात टेबलामागे महिपत साहेब होते. बाईंनी फोन तोंडासमोर धरला. कॅमेरा म्हणाला, चेहरा ओळखता येत नाही. बाईंनी गालाला बांधलेला रुमाल सोडला. तरी नाही. गाल दाबून धरला. तरी नाही. पाच वेळा झाल्यावर फोनने कुलपाचा नंबर किंवा बोटाचा ठसा मागितला. तो नंबर संदेशने, कुणाला सापडू नये म्हणून, पिठाच्या डब्याच्या झाकणाला आतून लिहून ठेवला होता. डबा ठाकुर्लीला. संदेशचा मोबाइल नंबर पाठ नव्हता, तो फोनच्या पोटात.

"बाई, दहा मिनिटं आहेत," महिपत साहेब म्हणाले. "मागे लाइन आहे."

मग मला काचेच्या कडेला नख लागल्यासारखं वाटलं. काच कडकन तुटली आणि अकरा महिन्यांनी मला हवा लागली. खाली चप्पल काढल्याचा आवाज आला.

"अहो, हे काय करताय?"

"बोट लावतेय साहेब. पायाचं आहे."

करंगळी आली. थंडगार. मला आता चूक करून चालणार नव्हतं. मित्रांनो, मी तिला विसरलो नव्हतो. मी उघडलो. बाईंनी सवयीने मला हात लावून कपाळाला लावला आणि पावती उघडून फोन टेबलावर ठेवला.

पावती पटली. पण गाळेधारकांची नवीन नोंद करायची होती आणि तिथेही बोटांचं मशीन. दहा बोटं झाली, एकही उमटेना. मग महिपत साहेबांनी नियमांचा कागद काढून दोनदा वाचला.

"कुठलंही एक बोट, एवढंच लिहिलंय," ते म्हणाले. "हाताचं, असं कुठे म्हटलेलं नाही." त्यांनी शिपायाकडून जमिनीवर पेपर अंथरून घेतला, वर मशीन ठेवलं आणि अदबीने खुर्ची मागे सरकवली.

बाईंनी त्या मशीनलाही नमस्कार केला. मला थोडं वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू?

गाळा मिळाला. संदेशला बातमी कळली, त्याने खूश होऊन आईला नवा फोन पाठवला. त्यात माझ्यासारखं कुणी नाही, फक्त चेहरा. ज्या दिवशी केंद्र उघडलं, त्याच दिवशी बाईंनी आम्हाला मूळच्या खोक्यात घालून कपाटाच्या खणात ठेवलं. बॅटरी चार टक्के होती. करंगळी लागली नव्हती, त्या दिवशी पाय लागायचं काही कारणच नव्हतं. तरीही खण लावण्याआधी त्यांनी मला पिठाचा हात लावला. तो कपाळाला गेला असणार. मला दिसत नाही, पण त्या नुसता हात लावणाऱ्यातल्या नाहीत.

ते पीठ अजून माझ्यावर आहे.

मित्रांनो, तुमच्याही घरात कुठल्या तरी खणात कुणीतरी पडलेलं असेल. कदाचित खणात नसेलही, पुढच्याच खोलीत खुर्चीवर बसलेलं असेल. लांबून चेहरा दाखवून निघून जाऊ नका. जवळ जाऊन एकदा स्पर्श करा. हात कामात असतील तर पायही चालेल. फक्त नंतर नमस्कार करायला विसरू नका.