फटींचं घर

मी एक जुनी पांढरी पेटी आहे, चार पायांची आणि लाकडाची. मित्रांनो, पेटी म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर कुलूप आलं असेल, आतले दागिने आले असतील. तसं काही नाही. माझ्या चारही भिंती तिरक्या पट्ट्यांच्या आहेत आणि प्रत्येक दोन पट्ट्यांमध्ये फट आहे. म्हणजे मी अर्धी लाकडाची आणि अर्धी फटींची. मला पहिल्यांदा पाहणारी माणसं गोंधळतात. कुणी मला खुराडं समजलं, कुणी मधमाश्यांचं घर. एका नव्या वीजवाल्याने तर माझ्या फटीतून विजेचं बिल आत सरकवलं आणि समाधानाने निघून गेला.

माझं काम सांगायला सोपं आहे. माझ्या पोटात तापमापी असतो. हवा किती तापली आहे, हे त्याने सांगायचं. पण त्याच्यावर थेट ऊन पडलं तर तो उन्हाचं सांगतो, हवेचं सांगत नाही. पावसाने भिजला तर आंघोळ करून वाऱ्यात उभ्या राहिलेल्या माणसासारखा कुडकुडतो आणि भर उन्हातही गार आहे म्हणतो. म्हणून त्याला ऊन लागू द्यायचं नाही, पाऊस लागू द्यायचा नाही, वारा मात्र अडवायचा नाही. बस, एवढंच.

ज्या सुताराने मला घडवलं तो फार बोलायचा नाही. जेवायला हाका मारून थकली की त्याची बायको स्वतःच डबा घेऊन कारखान्यात यायची.

"झाली का तुमची पेटी?"

"लाकूड झालं. फटी राहिल्यात."

"फटी काय करायच्या असतात होय?"

"त्याच तर करायच्या असतात."

बाई डबा आपटून निघून गेली. त्याने मात्र प्रत्येक पट्टी अशी कलती बसवली की पाण्याचा थेंब बाहेरच घसरावा आणि सूर्याला आत डोकावता येऊ नये. एका भिंतीमागे दुसरी, उलट्या कलाची. एका छपरावर दुसरं छप्पर आणि दोघांमध्ये वाऱ्याला जायला जागा. वर पांढरा रंग. मग त्याने माझ्या भिंतीला तोंड लावून एक फुंकर मारली. दुसऱ्या बाजूला धरलेल्या त्याच्या तळहाताला ती लागली असावी, कारण तो हसला. त्यानंतर तो जेवला.

मला आणलं ते दगडाच्या फरश्या घडवायच्या आवारात. तिथे त्याआधी एक प्रकार घडला होता. आवारातले सगळ्यात जुने मिस्तरी एका दुपारी छिन्नी हातात असतानाच उन्हाने कोसळले. शुद्धीवर आले तेव्हा त्यांनी स्वतःच्या मुलाला मालक समजून उठून नमस्कार केला. पुढे त्यावर सगळे हसले, मिस्तरीही हसले; पण त्या दिवशी कुणी हसलं नव्हतं. मालक माणूस वाईट नव्हता, घाबरट होता. आवाराला घाबरट मालक मिळणं कामगारांच्या तब्येतीला चांगलं असतं. त्याने मला मागवलं, गवतावर मोकळ्या जागी उभं केलं आणि नियम केला: माझा आकडा फाटकावरच्या फळ्यावरच्या लाल रेघेपुढे गेला की घंटा वाजवायची, हातातलं काम तिथेच ठेवायचं, शेडमध्ये सावलीला बसायचं. उतरला की पुन्हा कामाला.

आकडा वाचायचं काम फाटकावर बसणाऱ्या बाईंकडे आलं. त्यांचं नाव 'पाराबाई' पडलं. त्या माझं दार उघडायच्या, ते मुद्दाम सूर्याकडे पाठ असलेल्या बाजूला होतं, आणि श्वास रोखून झटकन पारा वाचायच्या. कारण माणसाचा श्वाससुद्धा पारा चढवतो. लांबून पाहणाऱ्यांना वाटायचं, बाई माझ्यापुढे हात जोडून उभ्या राहतात.

वर्षं गेली. पाऱ्याची नळी गेली आणि तिच्या जागी बोटाएवढा सेन्सर आला. त्याची वायर फाटकापर्यंत गेली आणि फळ्याच्या जागी मोठमोठे लाल आकडे आपोआप दिसू लागले; जुन्या लाल रेघेचा आकडा ओलांडला की घंटाही आपोआपच वाजायची. पाराबाई तरीही रोज येऊन माझं दार उघडायच्या. "आकडा तिथं दिसतो," त्या म्हणायच्या, "पण आकड्याला काय झालंय ते इथं आल्याशिवाय कळत नाही."

मला काय झालं होतं, तर माझा रंग उडाला होता आणि ज्या बाजूने पाऊस मारतो त्या बाजूची एक पट्टी निखळून पडली होती. बाईंनी मालकांना सांगितलं. मालक म्हणाले, "करू." मालकांचं 'करू' हे त्या आवारातलं सगळ्यात टिकाऊ काम होतं.

मग एके दिवशी तिरपा पाऊस आला, त्या भगदाडातून आत शिरला, सेन्सर भिजला. लगेच चटका बसेल असं ऊन पडलं आणि आकडा मात्र ढिम्म खाली. घंटा वाजली नाही. मिस्तरींना गरगरायला लागलं, तेव्हा कुठे बाईंच्या लक्षात आलं. बोलणी बाईंनाच बसली. बाई घरी गेल्या त्या तोंड पाडून, आणि ते त्यांच्या धाकट्या दिरांनी पाहिलं.

हे भावजी आमच्याच आवारात सुतार होते. तयार फरश्या बाहेरगावी पाठवायची खोकी ते ठोकायचे. खोक्याला फट राहिली की आतली फरशी हलते, हलली की तडकते. फट म्हणजे पाप, हे त्यांच्या हातात मुरलेलं होतं. त्यात वहिनींवर त्यांची माया. लग्न होऊन त्या घरात आल्या तेव्हा भावजी शाळेत होते आणि त्यांचा अभ्यास वहिनींनीच घेतला होता. फारसा उपयोग झाला नव्हता, पण माया राहिली.

तेवढ्यात बाईंच्या मुलीचे दिवस भरत आले आणि बाई तिच्या बाळंतपणाला गेल्या.

"जा तुम्ही बिनघोर," भावजी म्हणाले. "पेटीकडे मी बघतो."

आणि त्यांनी बघितलं. पडलेली पट्टी नवी बसवली, मला घासूनपुसून रंग दिला. तिथे थांबले असते तर बरं होतं. पण माझ्या चारही भिंतींना आतून त्यांनी सलग फळ्या ठोकल्या, छपराची मोकळी जागा बुजवली, सांध्यांत पुट्टी भरली आणि बाहेरून काही कळणार नाही इतकं सफाईने सगळं केलं. मित्रांनो, मी आयुष्यात इतकी देखणी कधी दिसले नव्हते आणि इतकी निकामी कधी झाले नव्हते.

पावसाचे दिवस सरले, ऊन आलं. बाहेर झुळूक असायची आणि माझ्या पोटात नुसती घुसमट. बिचारा सेन्सर जे भोगत होता ते सांगत होता. आकडा चढला. घंटा दुपारच्या आधीच वाजायला लागली. पुढे पुढे तर लोक छिन्नी उचलायचे आणि वाजायची.

माझं नशीब उघडलं. येता-जाता लोक माझ्या छपरावर थाप मारायचे. "आई आहे ही आपली," मिस्तरी म्हणायचे. कुणीतरी माझ्या पायाशी फुलझाड लावलं. माझ्या आयुष्यातलं सगळं कौतुक त्या दिवसांतलं आहे, जेव्हा माझा एकही आकडा खरा नव्हता. यावर मी पुष्कळ विचार केला. उभं राहण्याचंच काम असल्यामुळे वेळ भरपूर असतो.

फरश्यांचे ढीग मात्र वाढेनात. एका सकाळी घंटा वाजली तसे मालक त्यांच्या काचेच्या केबिनमधून तरातरा बाहेर आले. "कुठंय ऊन? दाखवा मला! इथं वारा सुटलाय, गार वाटतंय! ही पेटी कांगावखोर आहे. आज संध्याकाळी घंटा उतरवा. कधी बसायचं ते यापुढे मी सांगीन. आणि हिचं सरपण करा."

नेमक्या त्याच दिवशी पाराबाई परतल्या होत्या. नातू झाल्याचे पेढे अजून पिशवीतच होते. मालकांनी दिवसभर केबिनमध्ये बसून ऊन जोखायचं म्हणजे काय होईल, हे त्यांना कळत होतं.

"संध्याकाळपर्यंत वेळ द्या," एवढंच त्या म्हणाल्या.

त्यांच्याजवळ एक जुना तापमापी होता, मुठीला बांधलेला. तो गोफणीसारखा गरागरा फिरवायचा, म्हणजे भोवतीची हवा त्याला लागते आणि तो खरं बोलतो. बाई शेडच्या सावलीत उभ्या राहून तो फिरवू लागल्या.

"नातवाचा खुळखुळा का, बाई?" मिस्तरींनी विचारलं.

बाईंनी तापमापी थांबवला, वाचला, त्यांच्या डोळ्यांपुढे धरला. पारा लाल रेघेच्या आकड्याच्या कितीतरी खाली होता. मिस्तरींनी फाटकावरचा आकडा पाहिला. मग हळूच म्हणाले, "हे मालकांना सांगायलाच पाहिजे का?"

"पाहिजे."

"चार दिवसांनी सांगितलं तर?"

"संध्याकाळी घंटाच उतरतेय, मिस्तरी. पुढच्या वेळी गरगरायला लागलं की मालकांच्या केबिनमध्ये जाऊन त्यांना विचारणार का, आता पडू का म्हणून?"

मिस्तरी वाटेतून बाजूला सरकले.

बाईंनी माझं दार उघडलं. आतून वाफ अंगावर आली. त्यांनी भिंतीवर बोटाने ठोकून पाहिलं. माझ्या भिंतीतून टकटक असा आवाज पहिल्यांदाच येत होता. खिळे जोडीजोडीने, डोकी लाकडात बुडवलेली. असे खिळे साऱ्या आवारात एकच माणूस मारायचा.

"भावजी!"

भावजी हात पुसत आले. चेहरा असा, की आता शाबासकी मिळणार.

"कशी झालीय, वहिनी?"

"सुरेख. फटी किती ठेवल्यात?"

"एकही नाही!"

"तेच म्हणते मी."

"आत पाऊस येत होता. तुम्हाला बोलणी बसली. मला बघवेना."

"एक पट्टी पडली होती, भावजी. दात एक दुखत होता, तुम्ही तोंडच शिवून टाकलंत."

भावजींनी आत हात घातला आणि चटकन मागे घेतला. मग म्हणाले, "मी आपलं तुमच्यासाठी म्हणून..."

"कळतंय हो मला. म्हणून तर धड रागावताही येत नाहीये."

पुढचं मी ऐकलेलं सांगते. पण भावजींनी माझ्या पायाला टेकून ते इतक्यांदा सांगितलं आहे की पाहिल्यासारखंच आहे. दोघं केबिनमध्ये गेली तेव्हा वीज गेलेली होती. मालक रुमालाने मान पुसत बसले होते.

"पेटी चुकत होती," बाई म्हणाल्या.

"म्हटलं नव्हतं मी!"

"म्हटलं होतंत. पण मालक, तुम्ही तर सावलीत बसलाय. मग एवढा घाम?"

"अहो, पंखा बंद, चारी बाजूंनी काच, वाऱ्याला शिरायला जागा नाही! भट्टी झालीय नुसती!"

"बाहेर तर झुळूक आहे."

"आहेच की! सकाळपासून मी काय ओरडतोय..." मालक मध्येच थांबले. त्यांनी भावजींकडे पाहिलं. भावजींनी जमिनीकडे पाहिलं. "पेटीलाही असंच केलं होतं?"

"असंच," भावजी म्हणाले. "फक्त खिळे माझे चांगले होते."

मालकांनी दार उघडलं आणि उंबऱ्यातच उभे राहिले. वारा लागल्यावर माणूस जरा विचार करू शकतो. "घंटा राहू दे," ते म्हणाले. "पण आणखी एकदा चुकली, तर सरपण."

भावजींनी त्याच दिवशी सगळ्या फळ्या काढल्या. पुट्टी खरवडताना ते मला ऐकू जाईल अशा आवाजात पुटपुटत होते, आणि ते सगळंच काही मला उद्देशून नव्हतं. घंटा मुकी झाली. थापा बंद झाल्या. फुलझाडाला पाणी घालायचं सगळे विसरले. मिस्तरी जाताना तोंड फिरवून म्हणायचे, "घरभेदी!"

मग तो दिवस आला. सकाळपासून पान हलत नव्हतं. दगड हात लावू देत नव्हता. आकडा चढत गेला, रेघ ओलांडली, घंटा वाजली. कुणी उठेना. सगळे एकमेकांकडे पाहत होते. घंटेवरचा विश्वास आधीच खर्चून बसले होते. मालक बाहेर आले आणि नुसतं माझ्याकडे पाहत राहिले. त्यांच्या मनात सरपण होतं हे मला दिसत होतं.

भावजी खोकं अर्धं टाकून उठले. माझं दार उघडलं, आत हात घालून चारही भिंती चाचपल्या. "उघडी आहे," ते म्हणाले. "सगळीकडून."

बाईंनी सावलीत जाऊन खुळखुळा फिरवला, वाचला आणि मालकांपुढे धरला. दोन्ही आकडे एकच होते.

"बसा," मालक म्हणाले, आणि स्वतः सगळ्यांच्या आधी शेडमध्ये जाऊन बसले. केबिनमध्ये परत गेले नाहीत.

त्या दुपारी काय झालं म्हणाल, तर काहीच झालं नाही. मिस्तरी पाणी प्यायले, मालकांना बसल्या जागी डुलकी लागली तेव्हा मिस्तरींनी त्यांच्या घोरण्याची नक्कल करून दाखवली आणि ऊन उतरल्यावर ते आपल्या पायांनी घरी गेले. आपल्या मुलाला मुलगा म्हणूनच ओळखलं असावं. आज आवारात कुणालाही तो दिवस आठवत नाही. माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी घटना तीच.

आता माझे पाय कुजले आहेत. मला शेडमागे ठेवलं आहे. माझ्या जागी एका खांबावर नवा मनोरा आला आहे, पालथ्या पांढऱ्या बश्या एकावर एक रचाव्यात तसा, आणि बश्यांमध्ये फटी. आमच्याच घराण्यातला आहे, हे पाहताच कळलं. मित्रांनो, तुम्हाला असा कुणी कुठे दिसला तर त्याच्यावर ओला टॉवेल वाळत घालू नका. त्याला भिंतीला खेटून उभं करू नका. फटीत पानं अडकली तर काढा, रंग पिवळा पडला तर धुवा, काही मोडलं तर जे मोडलं तेवढंच बदला. आणि त्याला पावसात उभं पाहून फारच माया दाटून आली, तर कृपा करून लांबूनच दाटू द्या.

हे सांगायचं कारण असं, की परवा ढग भरून आले होते. भावजी आता काठी टेकत चालतात. ते त्या नव्या मनोऱ्यापुढे बराच वेळ उभे होते. हातात प्लास्टिकची मोठी पिशवी होती. त्यांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं आणि पिशवीचं तोंड फाकवलं.

"भावजी!" फाटकातून आवाज आला.

"काही नाही, वहिनी," भावजी म्हणाले आणि ती पिशवी त्यांनी स्वतःच्या डोक्यावर चढवली.