लय, पंडित

मानवतला माझी कापसाची अडत आहे आणि मला जॅझ ऐकायचा नाद आहे. या दोन गोष्टी एकाच माणसात कशा, हे गावाला अजून कळलेलं नाही आणि समजावण्याच्या भानगडीत मी पडत नाही.

जुन्या तबकड्यांवर कोण वाजवतंय हे शोधणाऱ्या एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मी असतो. बाकीची मंडळी पुण्या-मुंबईची, जाणकार. मागच्या वर्षी तिथं एक बिननावाची तबकडी आली. सिकंदराबादच्या भंगारात सापडलेली, रेल्वेतल्या कुणा हौशी साहेबानं नाचाच्या कार्यक्रमात थेट भरून घेतलेली. क्लॅरिनेट असं, की काट्यावर आलेला शेतकरी ताटकळत ठेवून मी ते परत ऐकलं. मध्येच गर्दीतून एक बाई ओरडते, "लय, पंडित!" आणि मागून गलका होतो.

ग्रुपनं निष्कर्ष काढला की वाजवणारे कुणी शास्त्रीय संगीतातले पंडितजी असावेत आणि लय सांभाळा, असं त्यांची शिष्या सुचवतेय. एकानं त्यावर लांबलचक लेखही पाडला. वाचून माझं हसून हसून पोट दुखलं. आमच्याकडे लय म्हणजे खूप, आणि पंडित हे साधं पाळण्यातलं नाव. माझ्या वर्गातल्या एकाही पंडितला सा लावता येत नव्हता. बाई नुसतं 'भारी रे पंडित' म्हणतेय, असं मी लिहिलं. ग्रुप पुरावा मागू लागला. तबकडी नव्यानं निघणार होती आणि वेष्टनावर नाव छापायचं तर खात्री हवी होती.

रेल्वेतले साहेब, नाच आणि मराठवाड्यातली बाई हे सगळं एका जागी असलं तर पूर्णा जंक्शनलाच असणार. तिथं चौकशी केली, आणि प्रभावतीबाईंचा फोन आला. निवृत्त शिक्षिका. त्यांचे वडील पंडित लोको शेडमध्ये फिटर होते आणि रेल्वेच्या क्लबात अँग्लो-इंडियन गार्डांबरोबर क्लॅरिनेट वाजवायचे. बाई हे जन्मभर सांगत आल्या आणि लोक थाप म्हणून सोडून देत आले, कारण घरात ना फोटो ना वाद्य. वडील गेले तसं आईनं, चांगुणाबाईंनी, क्लॅरिनेट भंगारवाल्याला देऊन टाकलं होतं.

"आईला त्यांच्या वाजवण्याचा तिटकारा होता," बाई म्हणाल्या. "माझ्या बापाचं नाव तेवढं लागू द्या, भाऊ."

एसटीनं त्या मानवतला आल्या. मी लॅपटॉपवर ती तबकडी लावली. क्लॅरिनेट ऐकताना त्यांचा चेहरा पडत गेला. वडील गेले तेव्हा त्या लहान होत्या. हे त्यांचंच वाजवणं, असं छातीठोक सांगता येईना. खोटं बोलायची बाईंची तयारी नव्हती. मला त्यांचं वाईट वाटलं. मग ती हाक आली आणि बाई ताठ झाल्या.

आवाज ओळखीचा आहे का, मी विचारलं.

"आवाज आईचा हाय. पण आई असं म्हणंल कशी? तिनं उभ्या जन्मात त्यांचं नाव घेतलं न्हाई. रेशनच्या दुकानात नाव विचारलं तर मला पुढं करायची."

मी ती जागा आवाज वाढवून पुन्हा लावली. आम्ही सगळ्यांनी ज्याला गलका म्हटलं होतं तो बायकांचा हशा होता. बायको भान विसरून चारचौघांत नवऱ्याचं नाव घेते तेव्हा आजूबाजूच्या बायका हसतात, तसा. आणि त्यात तीच बाई, पदर तोंडात कोंबल्यासारखी दबकी, स्वतःही हसत होती.

यापेक्षा मोठा पुरावा काय असणार? मी तिथल्या तिथं ग्रुपवर कळवलं आणि बाईंना म्हणालो, नाव छापून येईल.

त्यांनी ती हाक पुन्हा एकदा लावायला सांगितली.

"ते गेल्यावर तिला बघवत नसंल ते वाद्य," त्या म्हणाल्या. "आन् ते भंगारात दिलं म्हणून मी तिच्याशी ती मरेस्तोवर नीट बोलले न्हाई."