दहा श्वासांचा अंधार

मित्रांनो, मी एक जुना, छताला टांगलेला दिवा आहे. बाहेरून हिरवा पत्रा आणि आतून पांढरा तामचिनीचा लेप. आजवर माझे बल्ब किती बदलले याची गणती नाही, पण पत्र्याची टोपी तीच आहे. ज्या कारागिरानं ती ठोकली त्याचा हातोडा एकदा जरा तिरका पडला, म्हणून माझा उजेड गोल न पडता थोडा लांबुळका पडतो. त्यानं मला उचलून पाहिलं आणि म्हणाला, "असू दे. दिव्याला कोण तोंड बघून नेतंय!" जन्मल्याबरोबर ऐकलेलं हे पहिलं वाक्य. मला बरेच दिवस त्याचा राग होता.

माझी पहिली नोकरी एका शिलाईखान्यात होती. सायकल दुरुस्तीच्या दुकानावर एक लांबट खोली होती. तिच्यात सहा बायका सदऱ्यांची काजं करायच्या आणि बटणं लावायच्या. मी बरोबर मधोमध टांगलेला होतो. मला खालून एक दोरी होती. ती ओढली की मी लागायचो, पुन्हा ओढली की विझायचो. तिथल्या मुकादमाला बोलणं खपत नसे, आणि गाणं तर मुळीच नाही. "तोंड चाललं की हात थांबतो," असं तो दिवसातून दहादा म्हणायचा. त्याचं स्वतःचं तोंड मात्र अखंड चालू असायचं.

एका संध्याकाळी वीज गेली. यंत्रं थांबली. त्या मिट्ट काळोखात कुणीतरी गायला लागलं. काय सांगू! सुयासुद्धा ऐकत असाव्यात, असा तो आवाज. मुकादम ओरडला, "कोण ते?" गाणं थांबलं नाही. वीज आली तेव्हा सहाही बायका खाली मान घालून सुईत दोरा ओवत होत्या. त्यानं एकेकीला दरडावून विचारलं. एकीनंही सांगितलं नाही. त्या दिवसापासून वीज गेली की गाणं व्हायचं, आणि कोण गायलं हे कुणी कुणाला विचारायचं नाही, असा नेमच पडला.

पुढे शिलाईखाना बंद झाला. सहाजणींतल्या एकीनं ती खोली भाड्यानं घेतली. आता तिला सगळे मावशी म्हणतात. तिनं यंत्रं काढून बाकं मांडली, खिडक्यांना जाड पडदे लावले, कोपऱ्यात चहाची शेगडी ठेवली. शनिवारी संध्याकाळी तिथं गाणी व्हायला लागली. कुणी पेटी आणायचं, कुणी नुसताच घसा आणायचं. आणि कार्यक्रमाच्या शेवटी मावशी तो जुना नेम पाळायची. ती माझी दोरी ओढायची. अंधार व्हायचा. ज्याला गावंसं वाटेल त्यानं बसल्या जागी गायचं. गाणं संपलं की मावशी दहा श्वास मोजायची, म्हणजे गाणाऱ्याला डोळे पुसायला सवड मिळायची. मगच मला लावायची. टाळी नाही, नाव नाही, मान वळवणं नाही. शेजारी बसलेल्याला कळायचंच, पण तो मुद्दाम विसरायचा.

मित्रांनो, इतर दिवे उजेडासाठी नावाजले जातात. मला मात्र लोक म्हणायचे, "काय सुंदर विझतो हा!" माझ्यासारख्या वाकड्या टोपीच्या दिव्याला आणखी काय हवं?

अशातच एक मुलगी यायला लागली. शहरात नवी होती. मागच्या गल्लीत खोली घेऊन एकटी राहायची. एका वर्तमानपत्रात ती दर बुधवारी संध्याकाळच्या शहराबद्दल लिहायची: कुठं गच्चीवर नाच चालतो, कुठलं पुस्तकांचं दुकान उशिरापर्यंत उघडं असतं, चाकांचे बूट घालून पोरं कुठल्या मैदानावर आपटतात. मावशी तिला 'वहीवाली' म्हणायची, कारण तिच्या मांडीवर सदा वही उघडी असायची.

"अगं वहीवाले, चहा निवतोय. वही काही पळून जात नाही."

"मावशी, शब्द पळून जातात हो."

कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी तिच्या आईचा फोन यायचा. "हो गं आई, जेवले... नाही, एकटी नाहीये, चाळीस माणसं आहेत... अगं इथं नऊ वाजले की शहर कपडे बदलून बाहेर पडतं, तुला काय सांगू!" पलीकडून आई काहीतरी बोलायची आणि ही हसून म्हणायची, "मी नाही गं बदलत, मी नुसती बघते."

मला ती आवडायची. आपल्याला जे सुंदर वाटलं ते साऱ्या शहराला ओरडून सांगावं, असं तिला मनापासून वाटे. तिच्यात खोट काढायला जागा नव्हती. फक्त सांगण्याची घाई होती.

त्या दिवसांत अंधारात एक आवाज यायचा. खोल, संथ, एकही ठेच न लागता चालणारा. तो कुणाचा हे मला माहीत नव्हतं. तो गायचा तेव्हा मी विझलेला असायचो. आज मी सांगू शकतो, ते केवळ वर्तमानपत्रात छापून आलं म्हणून. एरवी मी तोंड उघडलं नसतं.

एका गुरुवारी मावशी बाकं पुसत होती. टॅक्सीवाले दादा धावत जिना चढून आले. दर शनिवारचे पहिल्या बाकावरचे गिऱ्हाईक ते. हातात कालचा अंक.

"मावशी, आपली खोली पेपरात आली! ऐका." आणि ते मोठ्यानं वाचायला लागले, "'या शहरातला सगळ्यात सुंदर आवाज शनिवारी अंधारात गातो. तो कुणाचा, ते मला परवा कळलं. टपालकचेरीच्या कोपऱ्यावर घड्याळं दुरुस्त करणारे काका. मी पट्टा बदलायला गेले, तर काम करताना ते तेच गाणं गुणगुणत होते. एरवी त्यांच्या तोंडून एक वाक्य सरळ बाहेर पडत नाही...'" दादांचा आवाज एकेका शब्दागणिक खाली उतरत गेला.

"पुढचं वाचू नका," मावशी म्हणाली. हातातलं फडकं तिनं किती वेळ तसंच पिळून धरलं होतं.

त्या शनिवारी जिन्यापर्यंत गर्दी झाली. कधी न पाहिलेले चेहरे. मावशीनं दोरी ओढली, मी विझलो, आणि मित्रांनो, अंधार झालाच नाही. पंचवीस-तीस फोन उजळले होते. "काका, होऊन जाऊ दे!" मागून कुणी ओरडलं. "अडखळू नका फक्त!" दुसऱ्यानं भर घातली आणि हशा पिकला. पण काका आलेच नव्हते. मग कुणीतरी गंमत म्हणून माझी दोरी ओढू लागलं. लाग, विझ, लाग, विझ. आत काहीतरी कट्कन तुटलं. तेव्हापासून मला धड लागता येईना की विझता येईना. मी नुसता मिचकावत राहिलो.

पुढच्या शनिवारी गर्दी पांगली. बघण्यासारखं काही नव्हतंच. जुनी माणसं आली. मावशीनं मला उतरवून लांब नळीचा दिवा लावला होता. शेवटी तो विझवला. कुणीच गायलं नाही. त्याच्या पुढच्या शनिवारी तेच. उद्या आपलंही नाव छापून येईल, ही भीती प्रत्येकाच्या शेजारी येऊन बसली होती. तिसऱ्या शनिवारी मावशीनं दिवा विझवलाच नाही. "आजपासून अंधाराची पाळी बंद," ती म्हणाली आणि कपबशा गोळा करायला लागली. मी शेगडीमागच्या खोक्यात, बटणांच्या डब्यांवर तिरका पडून होतो. धूळ बसली. एका कोळ्यानं माझ्या टोपीत बिऱ्हाड थाटलं. बिचारा माझ्याशी बोलायचा नाही, पण निदान शेजार होता.

रविवारी सकाळी वहीवाली आली. हातात वही नव्हती.

"मावशी, मी वाईट काहीच लिहिलं नव्हतं हो. चांगलंच लिहिलं होतं."

"चांगलंच लिहिलंस. माझ्या डोळ्यांत पाणी आलं वाचून. पण त्यांना विचारलं होतंस का?"

तिनं नकारार्थी मान हलवली. मग म्हणाली, "त्यांच्या दुकानाची फळी आता अर्धीच उघडी असते. पोरं येता-जाता त्यांची नक्कल करतात. मी तीनदा गेले आणि तीनदा पलीकडच्या फुटपाथवरून परत फिरले."

मावशीनं मला खोक्यातून काढलं, पदरानं वरवर पुसलं आणि तिच्या हातात दिलं. "याचा खटका बिघडलाय. दुरुस्त करून आण."

"घड्याळवाले दिवे दुरुस्त करत नाहीत, मावशी."

"मला ठाऊक आहे. तू जा."

असा मी पहिल्यांदा शहर पाहायला निघालो, तोही कापडी पिशवीतून. घड्याळांच्या दुकानात शंभर घड्याळं चालू होती आणि एकही दुसऱ्याचं ऐकत नव्हतं. मधे काका बसले होते. डोळ्याला भिंग, अंगात करडा सदरा. सदऱ्याचं वरचं बटण वेगळ्या रंगाच्या दोऱ्यानं लावलेलं. तिला पाहून त्यांनी मान खाली घातली. तिनं मला टेबलावर ठेवलं. ते पुढे वाकले. लहान पेचकस घेऊन माझा खटका उघडायला लागले. एवढ्या हलक्या हाताचा स्पर्श मला आयुष्यात झाला नव्हता.

"काका, मी चुकले," ती म्हणाली. "मला वाटलं, सगळ्यांना कळलं तर तुम्हाला आनंद होईल."

खटक्याचा एक पेच सुटून टेबलावर आला. मग काका म्हणाले, "वि-विचारलं असतंस... तर मी ना-नाही म्हटलं असतं."

तिनं ओठ चावला. "बहुतेक म्हणूनच मी विचारलं नाही."

काकांनी भिंग काढलं आणि पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं. खरं बोलणाऱ्याकडे बघतात तसं.

"अं-अंधारात मी घ-घड्याळवाला नसतो," ते सावकाश म्हणाले. "तो-तोतरा नसतो. कु-कुणीच नसतो. ते-तेवढंच माझं होतं."

ती रडायला लागली. काका गांगरले. त्यांनी टेबलावरचं पिवळं फडकं पुढे केलं, त्याला तेलाचा वास होता, तरी तिनं त्यानंच डोळे पुसले आणि नाकावर काळा डाग घेऊन विचारलं, "आता मी काय करू?"

त्यांनी माझ्या खटक्यात एक बारीक स्प्रिंग बसवली. तार जोडून दोरी ओढली. मी लागलो. ओढली, विझलो. "तू-तूच गा," ते म्हणाले.

"मी? काका, मला शाळेत बाई म्हणायच्या, तू नुसते ओठ हलव!"

"म-मग तर बरंच आहे." काकांच्या मिशीखाली काहीतरी हललं. हसू असावं. दुरुस्तीचे पैसे त्यांनी घेतले नाहीत, पण तिला कोळ्याचं जाळं मात्र स्वतः पुसायला लावलं.

त्या शनिवारी मी पुन्हा छताला टांगलो गेलो. दारात मावशी परडी घेऊन उभी होती. आत येणाऱ्यानं फोन परडीत ठेवायचा. टॅक्सीवाले दादा म्हणाले, "हळू ठेवा मावशी, आत माझी बायको असते." सगळे हसले. महिन्याभरानंतर त्या खोलीत कुणी असं हसलं होतं.

कार्यक्रम संपला. मावशीनं सगळ्यांकडे पाहिलं आणि माझी दोरी ओढली. अंधार झाला. खरा, पूर्वीसारखा.

कुणी गाईना. एक बाक करकरलं. कुणीतरी खाकरलं. मला वाटलं, आता मावशी दोरी ओढणार आणि सगळं कायमचं संपणार. तेवढ्यात एक बारीक आवाज निघाला. फारच वरून सुरू झाला, म्हणून त्याला मधेच थांबून खाली उतरावं लागलं. दुसऱ्या ओळीत शब्द विसरले, तिथं 'ला ला' आलं. स्वर कापत होता, तालाचा पत्ता नव्हता. पण तो आवाज पळाला नाही. शेवटच्या ओळीपर्यंत गेला. आणि चाळीस माणसांत एकही हसलं नाही.

ती वहीवालीच होती. हे मी सांगू शकतो, कारण पुढच्या बुधवारी तिनं स्वतःच छापलं: 'शनिवारी एका बाईनं फार वाईट गायलं. ती मी. स्वतःचं नाव सांगायला मला कुणाची परवानगी लागत नाही. त्या खोलीबद्दल मी आता लिहिणार नाही.' एवढंच. तिच्या आईनं म्हणे ते कात्रण कपाटात ठेवलंय.

दहा श्वास झाले. मी लागलो. कुणी मान वळवली नाही, पण माझा उजेड सगळीकडे पडतो, त्याला काय करणार! शेवटच्या बाकावर, दाराजवळ, घड्याळवाले काका डोळे मिटून बसले होते. ते कधी आले, कळलंही नाही.

मावशीनं त्यांना पाहिलं असावं. कारण तिनं जे कधी केलं नव्हतं ते त्या रात्री केलं. दुसऱ्यांदा दोरी ओढली.

मित्रांनो, तुम्ही विचाराल, मग काका गायले का? त्या दुसऱ्या अंधारात एक गाणं झालं. ते संपल्यावर मावशी श्वास मोजायला विसरली आणि बराच वेळ तशीच बसून राहिली. तेव्हापासून एकही शनिवार रिकामा गेलेला नाही. पण कोण गायलं ते मला विचारू नका. मी विझलेला होतो.

आता मी म्हातारा झालोय. माझा रंग उडालाय, दोरी दोनदा बदलली. मला पुसायला विसरलात तरी चालेल, पण एक विनंती ऐका. तुमच्याही घरात, वर्गात, शेजारी कुणीतरी असेल, जे फक्त तुमच्यासमोर गातं, चित्र काढतं, किंवा रडतं. ते सुंदर आहे म्हणून जगाला दाखवायची तुम्हाला घाई होईल. आधी त्यांना विचारा. 'हो' म्हणाले तर जरूर सांगा. आणि 'नाही' म्हणाले, तर ते 'नाही'सुद्धा जपून ठेवा. तेही त्यांनी विश्वासानं तुमच्याच हाती दिलेलं असतं.