प्रस्तावनेवर हरकत

एका मुलीच्या बोटात अंगठी घालायची, तिला वर्षानुवर्षं तिष्ठत ठेवायचं, आणि कुणी विचारलंच तर “अजून दोन प्रकार उरलेत” म्हणून मोकळं व्हायचं, ही वागणूक आबेलोनेबाईंना मुळीच पसंत नव्हती. मुलगा पोटचा असला म्हणून काय झालं.

डेन्मार्कात, लिमफ्योर्ड खाडीच्या काठी, माणसं पलीकडे नेणाऱ्या तरीच्या धक्क्यावर त्यांची खानावळ होती. नवरा गेल्यापासून ती त्यांनी एकटीने चालवली. घोड्यांचे व्यापारी आणि तरीवाले त्यांच्यासमोर टोपी काढत, पाद्रीही दारात बूट पुसून मगच आत येई. शाळेत त्या फक्त हिवाळ्यात गेल्या होत्या, तेही थोडीच वर्षं. तेवढ्यात शिकण्यासारखं सगळं शिकून झालं, असं त्यांचं मत होतं.

एवाल्डची लक्षणं लहानपणीच दिसली होती. नाताळच्या आधी मसाल्याच्या तांबूस बिस्किटांचं पीठ लाटलं की इतर घरांतली पोरं हृदयं आणि चांदण्या कापत. हा सुरी घेऊन बसे आणि अशा काही वाकड्या, पाचकोनी वड्या पाडी की अख्ख्या लाटीतून कपटाही उरत नसे. पाद्रीणबाईंनी एक वडी उलटसुलट करून विचारलं, “या कसल्या रे?”

“काही न उरणाऱ्या,” एवाल्ड म्हणाला.

तो नाताळ आबेलोनेबाईंनी मान खाली घालून काढला. मास्तर मात्र म्हणाला, याला पुढे शिकवा. शिकवलं. कोपनहेगनला विद्यापीठात गेल्यावर कळलं की तिथे याच गोष्टीसाठी मान मिळतो. एकाच आकाराच्या फरश्या घेऊन, मध्ये फट न ठेवता जमीन झाकायची, आणि असे आकार किती प्रकारचे असतात ते शोधायचं. पिठाच्या जागी फरशी आली, एवढाच फरक. त्याचं नाव जर्मनीपर्यंत गेलं. तिथले एक गृहस्थ मुद्दाम खानावळीत येऊन राहिले, एवाल्डशी जमिनींबद्दल बोलत बसले, आणि त्या नादात तळलेली वाम काट्यांसकट खाऊन गेले.

डाग्नी ही तरीवाल्याची मुलगी. खानावळीचं स्वयंपाकघर तिच्या हातात होतं, आणि प्यायलेला व्यापारी दंडाला धरून बाहेर काढणं हेही तिच्याचकडे. एवाल्डने तिला अंगठी घातली तेव्हा सांगितलं होतं, “सगळे प्रकार हातावेगळे झाले की लग्न.” डाग्नीला वाटलं, आठवड्याभराचं काम असेल.

यंदाच्या वसंतात गावातल्या दूध-डेअरीच्या मॅनेजरने, विधुर टोगरसेनने, तिला सरळ मागणी घातली. लाल विटांचं घर, मूलबाळ नाही, दारू नाही. डाग्नीने हे बटाटे सोलता सोलता सांगितलं.

“मग काय सांगणार आहेस त्याला?” आबेलोनेबाईंनी विचारलं.

“रविवारी सांगते म्हटलंय. ते एवाल्डवर आहे, आई.”

“एवाल्डवर आहे ना? मग झालंच.”

डाग्नी गेली तर खानावळही गेली, कारण बाईंचे गुडघे आता जिना मानत नव्हते. पण हे त्या बोलल्या नाहीत.

त्याच आठवड्यात एवाल्डचा छापील प्रबंध आला. शनिवारी विद्यापीठात भर सभेत त्याची परीक्षा होती. त्यात उतरला की डॉक्टर. आतली पानं दोघींच्याही आवाक्याबाहेरची होती, म्हणून डाग्नीने प्रस्तावना वाचून दाखवली. “‘हे काम आता पूर्णत्वास गेले आहे...’”

“पुन्हा वाच.”

डाग्नीने पुन्हा वाचलं. आबेलोनेबाईंनी सुरी खाली ठेवली. “माझा काळा पोशाख इस्त्री कर. तुझाही.”

सभागृहात एवाल्ड काखेत ओढणारा कोट घालून मंचावर उभा होता. समोर दोन प्रोफेसर त्याच्या चुका काढायला बसले होते. त्यांचं कामच ते. थोरल्याने तर एकाच शब्दावर इतका वेळ घेतला की बाईंना वाटलं, हा शब्द आता झिजून जाणार.

तिथली जुनी रीत अशी की त्या दोघांचं झालं की सभेतल्या कुणालाही उठून हरकत घेता येते. मधल्या सुट्टीत डीनकडे नाव द्यायचं, आणि उमेदवाराला उत्तर द्यावंच लागतं. आईने या हक्काचा उपयोग करायचा नसतो, हे सगळ्या कोपनहेगनला माहीत होतं. आबेलोनेबाईंना कुणी नुसता नियमच सांगितला होता.

डीन कोपऱ्यात उभे राहून पाव खात होते.

“मला बोलायचंय,” बाई म्हणाल्या.

“आपण गणितातल्या?”

“खानावळीतली. त्याची आई.”

“बाईसाहेब, हरकत प्रबंधावरच घेता येते.”

“प्रस्तावना प्रबंधातच मोडते ना?”

डीननी घास गिळला. “मोडते.”

“मग घाला नाव.”

त्या उभ्या राहिल्या तेव्हा एवाल्डचा चेहरा त्याच्या कॉलरइतका पांढरा झाला. “आई, खाली बस.”

“उमेदवाराने हरकत घेणाऱ्याला बसवायचं नसतं,” डीन म्हणाले.

“पहिल्या पानावर लिहिलंयस, काम पूर्ण झालं,” आबेलोनेबाई म्हणाल्या. “ईस्टरला घरी आलास तेव्हा या डाग्नीला म्हणालास, दोन प्रकार उरलेत. म्हणजे एक तर तिला खोटं सांगितलंस, नाहीतर या दोन सद्गृहस्थांना. कुणाला ते सांग. आम्हाला गाडी गाठायचीय.”

थोरल्या प्रोफेसरने प्रस्तावना उघडली, बोट ठेवून वाचली, आणि शेजाऱ्याला हळूच म्हटलं, “हे माझ्या नजरेतून सुटलं.”

एवाल्डने सवयीने खडू उचलला आणि फळ्याकडे वळला. फळा कोराच राहिला. शेवटी तो परत फिरला.

“दोन प्रकार उरलेत, हे खरं आहे. जेवढं सिद्ध केलंय तेवढं पक्कं आहे, पण ‘पूर्ण’ हा शब्द चुकला.”

“शब्द बदलता येईल,” डीन म्हणाले. दोन्ही प्रोफेसरांनी माना हलवल्या.

“म्हणजे तिला खरं सांगितलंस,” आबेलोनेबाई म्हणाल्या. “मग हे दोन कधी संपणार?”

जे सिद्ध करता येत नाही ते एवाल्डला बोलता येत नसे. “सांगता येत नाही,” तो म्हणाला. “कदाचित कधीच नाही.”

पुढे तो प्राध्यापक झाला, डोक्यावरचे केस गेले, तेव्हा कुठे त्यातला एक सुटला. दुसरा अजून तसाच पडून आहे. पण त्या दिवशी सभागृहात नुसतं ‘कधीच नाही’ ऐकू आलं, आणि बाईंच्या शेजारी बसलेली डाग्नी बोटातली अंगठी फिरवायला लागली. अंगठी सांध्यापर्यंत आली. बाईंनी पाहिलं. मंचावरून एवाल्डनेही पाहिलं.

“अटीतच दोष आहे,” तो सावकाश म्हणाला, जणू दुसऱ्या कुणाच्या कामातली चूक सापडली असावी. “लग्नाचा त्या दोन प्रकारांशी काही संबंध नाही. मी तो गृहीत धरला होता.”

“त्याची सिद्धता?” धाकट्या प्रोफेसरने सवयीने विचारलं.

“नाही. कधीच नव्हती.”

“हरकत मान्य?” डीननी विचारलं.

“मान्य.”

“दुरुस्ती काय सुचवता?”

“सप्टेंबर,” एवाल्ड म्हणाला.

डाग्नी उठून उभी राहिली. “सप्टेंबरात वाम धरायचा हंगाम असतो. खानावळीत पाय ठेवायला जागा नसते, आणि हा लग्न म्हणतोय.”

“यांनी नाव दिलेलं नाही,” डीन म्हणाले.

“ती माझ्याबरोबर आहे,” आबेलोनेबाई म्हणाल्या.

एवाल्डने आधी डीनकडे पाहिलं, मग डाग्नीकडे. “जून?”

“जून चालेल,” डाग्नी म्हणाली. तिने अंगठी मागे सरकवली आणि बसली. “टोगरसेनला तूच सांगायचंस. रविवारी, माझ्यासमोर.”

“सांगतो.”

डीननी काहीतरी टिपून घेतलं. शेवटी उमेदवाराने हरकत घेणाऱ्यांचे आभार मानायचे असतात. एवाल्ड थोरल्या प्रोफेसरसमोर वाकला, मग धाकट्यासमोर. डीन खाकरले. तेव्हा तो आईकडे वळला आणि तिच्यापुढेही तितकाच वाकला.

आबेलोनेबाई अजून उभ्याच होत्या. त्यांनी बरोबर आणलेल्या शिदोरीच्या टोपलीचं झाकण बंद केलं.

“काठावर पास झालास,” त्या म्हणाल्या, “आणि तेही तपासणारी डाग्नी होती म्हणून.”