धवल्याची उचललेली ओळ

आनंदीबाईची नात सोनाली लग्न होऊन साजगावला गेली, ते दोन हजार बावीस साल. तिच्या हळदीत आजीचा धवला, लग्नाचं जुनं गाणं, सुरू होतोय न होतोय तोच डीजे वाजला. दहिवलीच्या आसपासच्या अर्ध्या गावांची लग्नं धवले गाऊन लावलेली ही धवलारीण मांडवातून उठली आणि चुलीपाशी जाऊन बसली. आवाजही फाटत चालला होता. धवले आपल्याबरोबरच जाणार, हे तिनं त्या दिवशी मनाशी धरलं.

म्हणून कापणी उरकल्यावर कर्जतची आसावरी धवले रेकॉर्ड करायला आली, तेव्हा तिनं नाही म्हटलं नाही. आसावरी चित्रकार, पण हिची चित्रं प्रोजेक्टरच्या उजेडानं कापडावर उमटायची आणि बोलायची. तिनं बायकांकडून जुनी लुगडी मागून घेतली, त्यांच्याच हातून शिवून खळ्यावर मांडव घातला आणि मडक्यांत स्पीकर ठेवले. लुगड्यांवर आनंदीबाईचा चेहरा, मडक्यांतून तिचा धवला.

"सासूबाय, आता तुमी टीव्हीवाल्या झाल्या," सून सुरेखा म्हणाली. "आमच्याशी बोलाल ना?"

"आधी तरी तुज्याशी कोन बोलत होतं गं!"

हसू फार टिकलं नाही. पहिल्या धवल्यात गावदेवीला आणि घरातल्या वारलेल्या माणसांना लग्नाचं बोलावणं असतं. तो संपला की आसावरीची मशीन तोच पुन्हा लावायची, आणि पुन्हा. आनंदीबाईनं पदर तोंडाशी धरला.

"बंद कर, पोरी. लगीन नाय, नवरी नाय, आन् सारखं बोलावतेस. आलेली मानसं दारात उभी राहतील. त्यांना परत कोन धाडील?"

आसावरीनं मशीन बंद केली. "आजी, पुसून टाकू?"

आनंदीबाई उठून घराकडे चालू लागली. पुसलं तर मागं काहीच उरत नव्हतं, ठेवलं तर देवांची थट्टा होत होती.

बरेच दिवस ती खळ्याकडे फिरकली नाही. मग एका सकाळी आली. "धवला एकटीचा नसतो बाय. मी ओळ म्हनते, घरच्या बायका माज्यामागून ती उचलतात, मगच मी फुडं जाते. त्यांनी उचलली तर ते घराचं बोलावनं."

आसावरीनं मडक्यातला स्पीकर बाहेर काढला. "मग मशीनही थांबेल. मी माइक लावते. बायकांनी ओळ उचलली तरच पुढची लागेल."

"आन् लग्नाच्या मांडवातच लाव. बोलावलेल्यांना परत धाडायला पाठवनीचा धवला पन घाल."

मार्गशीर्षात शेजारच्या निलेशची हळद होती. लुगड्यांचा मांडव त्याच्या अंगणात उभा राहिला. आपण ओळ उचलायची नाही, असं आनंदीबाईनं ठरवलं होतं. तिनंच उचलली तर बाकीच्यांचं काय कळणार?

मडकं एक ओळ गायलं आणि गप्प झालं. बायका शूटिंगला मोबाइल उंच धरून उभ्या.

"अडकली वाटतं," निलेश म्हणाला. "डीजेवाल्याला सांगू काय?"

आनंदीबाईच्या ओठांवर ओळ आली होती. तिनं ती गिळली.

तेवढ्यात सुरेखानं, कपाळाला आठ्या घालून, ओळ उचलली. सूर भलतीकडेच गेला.

"अगं, खाली घे, खाली!" म्हणत शेजारची गोदा तिच्या सुरात शिरली. मागून आणखी दोघीतिघी आल्या. मडकं पुढची ओळ गायलं. सुरेखा मध्येच शब्द विसरली तेव्हा आनंदीबाई मोठ्यानं हसली, पण गायली नाही. लग्नानंतर पाठवणीचा धवलाही त्या बायकांनीच उचलून पुरा केला.

पुढे तो मांडव खालापूरकडच्या लग्नांत गेला, ओळ उचलायला बरोबर सुरेखा गेली. आनंदीबाई दोन हजार तेवीसच्या चैत्रात, पाडवा झाल्यावर त्याच आठवड्यात, सकाळी राहत्या घरी वारली.