एकीकडून कारलं, एकीकडून दुधी

"ऐकलं का? रविवारी महूहून फौजेची गाडी येणार आणि संताजीरावांना घेऊन..." एवढं बोलून शेजारच्या मंगलाबाई पळाल्या, कारण नळाला पाणी आलं होतं. पुढचं आमच्या मल्हारगंज मोहल्ल्यानं आपापल्या मनानं पुरं केलं. कुणी म्हणालं अटक, कुणी म्हणालं पुन्हा भरती.

खरं काय ते माझ्याकडून ऐका. ती फौजेची गाडी मीच, आणि महूहून यायचा होता तो नुसता पाहुणा. वीतभर लांब, सागवानी. संताजीराव होळकरांच्या फौजेत ट्रक चालवायचे. संस्थान विलीन होऊन मध्यभारत झाला, ते घरी बसले आणि आपल्या ट्रकची हुबेहूब नक्कल म्हणून त्यांनी मला घडवलं.

अडलं ते रंगावर. ट्रकमध्ये त्यांच्या शेजारी बसणारा दोस्त तुकोजी महूला राहतो. दसऱ्याला तो म्हणाला होता, "भिया, तुला आता आपल्या गाडीचा रंगही आठवत नसणार!" तो हसून विसरला. संताजीरावांचं मात्र जेवणातलं लक्ष उडालं. रविवारी तुकोजी यायच्या आत त्या ट्रकचा नेमका हिरवा सापडायलाच हवा होता.

डब्यातला हिरवा निघाला पोपटी. काळा मिसळला, तर मी विहिरीतून काढल्यासारखी. मग रोज नवा हिरवा, जणू भाजीची टोपलीच माझ्या अंगावर. त्यांची बायको आनंदीबाई ब्लाऊजपीस जुळवतात तशा मला ओट्यावर उन्हात नेत. "अहो, घरात कारलं दिसते, बाहेर भेंडी!" मंगलाबाई खिडकीतून म्हणत, "थोडा पिवळा टाका ना!" त्यांना कुणी विचारलं नव्हतं, तरी त्यांचा पिवळा पडलाच.

थरावर थर चढले. दारं चिकटली, चाकं फिरेनात. दिवाळीनंतर माणसं फुगतात तशी मी फुगले.

शेवटी कारल्यावर मुक्काम पडला. रविवारी तुकोजी आला आणि म्हणाला, "अबे संत्या, हा कुठला रंग? आपली गाडी फिक्की होती, दुधीसारखी!"

संताजीरावांनी समोरचं ताट बाजूला सारलं. "म्हणजे खरंच विसरलो मी."

आनंदीबाई वाढता वाढता थांबल्या. "अहो, तुम्ही उजव्या दारानं चढायचा आणि तुकोजीभाऊजी डाव्या. मग उभ्या गाडीला ऊन कुठल्या बाजूनं लागायचं?"

तुकोजीनं मला उचलून माझं डावं दार पुढ्यात धरलं.

"डावीकडून," तुकोजी म्हणाला. "माझी बाजू पार विटली होती यार."

"माझी भिंतीकडे!"

"मग तू कुठे विसरलास, गाढवा!"

जेवण तसंच ठेवून त्यांनी माझ्या डाव्या अंगाला दुधी फासला. मग तुकोजी म्हणाला, चल, माझ्या घरी दाखवू. मंगलाबाईंची बातमी अर्धी खरी ठरली. संताजीराव महूला गेले, पण फौजेच्या गाडीनं त्यांना नेलं नाही. त्यांनीच मला काखोटीला मारून नेलं.

आत्ता बसनं महूच्या वाटेवरचं राऊ गाव सोडलंय. मी दोघांच्या मधे उभी. ओल्या अंगाचा शिक्का तुकोजीच्या पांढऱ्या सदऱ्यावर उमटलाय. तो म्हणतो, धुणार नाही.

मंडळी, कधी भेटलात तर माझं कौतुक करा, नावंही ठेवा. फक्त नवा हिरवा सुचवू नका. हे दोघं लगेच ब्रश शोधतील.