रिकाम्या पाण्यात

“अकरावर टाका, ताई. दोन बोटींचं अंतर. हळू… आता!”

यमुनाताईंनी रॉड मागे नेला आणि दोरा सोडला. बोटीचं टोक म्हणजे बारा आणि अकरा म्हणजे किंचित डावीकडे, हे त्यांना सांगावं लागत नसे. पाच-सहा उन्हाळे त्या अंबरीशच्या बोटीवर येत होत्या. दोऱ्याच्या टोकाचा रबरी मासा अलगद पाण्यात उतरला. पाणी जेमतेम कमरेएवढं, तळाची वाळू दिसावी इतकं नितळ. ताईंनी दोरा सावकाश गुंडाळत आणला. काहीच झालं नाही.

“गेला,” मागच्या उंच फळीवर बोट रेटायची लांब काठी घेऊन उभा असलेला अंबरीश म्हणाला. “तुमचा पाय वाजला, ताई. बास माशाला पळायला तेवढंही पुरतं.”

“वाजला असेल, बाबा,” ताई म्हणाल्या.

पाय वाजला नव्हता. अंबरीशला ते पक्कं ठाऊक होतं, कारण तिथे मासाच नव्हता. म्हणजे नसावा. असला तरी त्याला दिसला नव्हता.

नाताळच्या सुमारास हे सुरू झालं. आधी डाव्या डोळ्यापुढे, बरोब्बर मधोमध, एक मळकट डाग आला. मग उजवाही कुरकुरायला लागला. कडेचं सगळं दिसे, पण ज्याच्याकडे म्हणून बघावं तेच नाहीसं होई. टेबल दिसे, बशी दिसे, कप मात्र चाचपून शोधावा लागे. दुसरा कुणी असता तर डॉक्टरकडे धावत गेला असता. अंबरीश गेला नाही. डॉक्टर काय म्हणतील हे त्याला न जाताच कळत होतं, आणि ते ऐकायची त्याची तयारी नव्हती. कारण वेल्समधल्या अँगलसी बेटाच्या या उथळ खाडीत त्याचं काम एकच होतं: फळीवर उभं राहून पाण्यातला मासा हेरायचा आणि पुढे बसलेल्या पाहुण्याला तो कुठे आहे ते सांगायचं. पाहुणे पैसे मोजत ते त्याच्या डोळ्यांचे.

आता तो आठवणीवर काम करत होता. भरतीचं पाणी कुठल्या घळीतून आधी शिरतं, ऊन चढलं की बास कुठल्या वाळूवर पोट घासत फिरतात, हे पाठ होतं. तिकडे बोट दाखवायचं. कधी मासा खरंच तिथे असे. मग फोटो निघत, पाठीवर थाप पडे. नसला, तर चूक पाहुण्याची. पाय वाजला, सावली पडली, उगाच बोललात. एका गृहस्थाला तर त्याने हाताला चोळलेल्या सन क्रीमचा वास नडला म्हणून सांगितलं होतं, आणि तो बिचारा संध्याकाळपर्यंत वाळूने हात घासत बसला. त्या दिवशी अंबरीशला स्वतःची लाज वाटली होती. पण दुसऱ्या दिवशी दुसरे पाहुणे आले, आणि पाय त्यांनाही होतेच.

“आता दोनवर बघा,” तो म्हणाला. “तो काळसर पट्टा आहे ना, त्याच्या अलीकडे. मोठा आहे.”

ताईंनी एकदा त्याच्याकडे वळून पाहिलं. मग पुन्हा समोर तोंड करून दोनवर रॉड फिरवला. दोरा गेला तसाच परत आला.

“सावली,” अंबरीश म्हणाला.

ताईंनी गळाला अडकलेलं शेवाळ काढून टाकलं. अंबरीशने काठी वाळूत रोवली आणि तिच्यावर भार टाकला. न दिसण्यापेक्षा दिसतंय असं दाखवणं माणसाला जास्त दमवतं, हे त्याला या सहा-सात महिन्यांत चांगलंच समजलं होतं. रात्री झोपूनही तो थकवा जात नसे.

पण सोडायचं म्हटलं तर काय सोडायचं? ब्रॅकनेलच्या एका कंपनीत तो टीम सांभाळत होता. पन्नाशीत ती जागाच गेली. बायकोला, सुमेधाला, मँचेस्टरच्या हॉस्पिटलात फार्मासिस्टची नोकरी मिळाली म्हणून दोघं तिकडे आले. ती कामाला जाई, आणि हा भांडी आवरून खिडकीशी बसे. कुणाचा फोन आला की ‘कन्सल्टिंग करतोय’ म्हणून ठोकून देई. त्या बसण्यातून त्याला या बोटीने उठवलं होतं. मंडळाच्या गणपतीत लोक चेष्टा करत, की वरणभात खाणारा माणूस गोऱ्यांना मासे पकडायला शिकवतो! अंबरीशने आयुष्यात मासा तोंडात घातला नव्हता हे खरंच होतं. पण ती चेष्टा त्याला आवडे. चेष्टा करायला का होईना, लोक त्याच्याजवळ येत होते.

आणि उद्या राज येणार होता. ब्रॅकनेलला अंबरीशच्या हाताखाली लागलेला मुलगा. आता तिथेच मोठ्या हुद्द्यावर होता. दोन लहान मुलींना घेऊन खास एवढ्या लांब येत होता, ‘सरांची बोट’ बघायला. अंबरीश महिनाभर या दिवसाकडे डोळे लावून होता. हे मनात आलं तेव्हा त्याचं त्यालाच हसू आलं.

“चहा घेऊ या?” ताई म्हणाल्या. “टाक तुझा नांगर.”

त्याने बोट वाळूच्या उंचवट्याशी नेऊन नांगर टाकला. ताईंनी थर्मास उघडला, डब्यातून तिखटमिठाच्या पुऱ्या काढल्या. ताई मूळच्या अलिबागच्या. बासला त्या ‘जिताड्याचा गोरा भाऊ’ म्हणत आणि नियमात बसेल एवढा एखादा मिळाला की लीड्सला नेऊन आमटी करत. नवरा गेल्यावर घर खायला उठलं म्हणून त्या मासेमारीकडे वळल्या होत्या. त्याआधीची सगळी वर्षं त्यांनी लीड्सच्या एका हॉस्पिटलात लोकांचे डोळे तपासले होते, कापले होते, शिवले होते. अंबरीशला हे माहीत होतं. म्हणून तर या खेपेला त्यांचा फोन आल्यावर ‘भरती बरोबर नाही’ म्हणायचं त्याने ठरवलं होतं. पण ऐनवेळी जीभ उचलली नाही. त्यांच्याशी मराठीत बोलायला त्याला बरं वाटे.

त्यांनी कप पुढे केला. त्याने हात पुढे नेला, तो जरा बाजूला गेला. ताईंनी कप त्याच्या बोटांत नीट धरवला.

“किती दिवस झाले?” त्यांनी विचारलं.

“कशाला?”

“अंबरीश, तू सकाळपासून माझ्याशी बोलताना माझ्या कानाकडे बघतोयस. आधी वाटलं, कानातली सुंदर दिसतायत. पण मी आज घातलीच नाहीयेत.”

तो हसायला गेला. हसू आलं नाही.

“उजवा डोळा झाक. ते पलीकडच्या काठावरचं कुंपण बघ. सरळ आहे?”

“ताई, चहा पिऊ दे ना.”

“झाक.”

त्याने झाकला. कुंपणाच्या जागी नुसतं धुकं होतं. मग डावा झाकायला लावला. कुंपण दिसलं, पण मधोमध खाली लोंबलेलं, वाळत घातलेल्या कपड्यांच्या दोरीसारखं.

“वाकलंय,” तो म्हणाला. “खरंच वाकलंय का हो ते?”

“नाही रे.” ताईंचा आवाज एकदम मऊ झाला आणि लगेच चिडला. “सुरू झालं तेव्हाच का नाही आलास? डोळ्यात इंजेक्शनं देतात याला, थांबतं हे! मी इथे तुझ्या बोटीत बसून मासे धरत्ये आणि तू… मूर्ख आहेस अगदी. सुमेधाला माहित्ये?”

“नाही.”

“घरात फार्मासिस्ट, आणि तिला माहीत नाही?”

“संध्याकाळी दोघंही दमलेले असतो, ताई. ती शिफ्ट करून येते. समोरासमोर बसतो, टीव्ही लावतो. कोण कोणाच्या डोळ्यांत बघतंय?”

पाणी चढत होतं. नांगराची दोरी ताणून बोट हळूहळू वळली.

“मघाशी तू मला दोनवर टाकायला लावलंस ना,” त्या म्हणाल्या, “तेव्हा नऊवरून सात-आठ मासे गेले. शेपट्या वर काढून, अगदी रमतगमत. एवढे मी तुझ्या बोटीवरून कधी बघितले नव्हते.”

“मग टाकलं का नाहीत तिकडे?”

“तू दोनवर सांगितलं होतंस.”

माशांवर जीव टाकणारी ही बाई त्याचा शब्द खाली पडू नये म्हणून रिकाम्या पाण्यात गळ टाकत राहिली होती, आणि त्याने वर तिच्या सावलीला दोष दिला होता. त्याला वाटलं, आत्ता या खाडीत उतरावं आणि चालू लागावं.

“हा सीझन संपू दे,” तो म्हणाला. “फक्त सप्टेंबरपर्यंत. मग तुम्ही म्हणाल तिथे येतो.”

“सप्टेंबरपर्यंत उजवाही जाईल. उद्या कोण आहे तुझ्याकडे?”

“राज. त्याच्या दोन पोरी.”

“केवढ्या?”

“एक शाळेत जाते. दुसरी… अजून नाही जात.”

“त्यातली एखादी पाण्यात पडली, तर तुला दिसेल?”

“लाइफ जॅकेट असतं, ताई. आणि पाणी कमरेएवढंच आहे.”

“तुझ्या कमरेएवढं,” ताई म्हणाल्या.

त्याने चहा संपवला. पुरी हातात तशीच राहिली.

“काल मँचेस्टरहून इथे आलास कसा?”

“लॉरीच्या मागे मागे. तिचे लाल दिवे धरून.”

ताईंनी डोळे मिटून घेतले. “आज माझ्या गाडीतून चल. मी तुला सरळ हॉस्पिटलात नेत्ये, डोळ्यांच्या कॅज्युअल्टीत. सुमेधाला तिथेच बोलाव. तुझी गाडी राहू दे इथे.”

परतताना ताई पुढे बसून वाटेतल्या खुणेचे खांब सांगत राहिल्या. डावा. आता उजवा. जरा थांब, कयाकवाले आहेत. ते ऐकणं त्याला नकोसं झालं होतं, तरी त्या जरा गप्प झाल्या की तो इंजिन हळू करी. धक्क्याला आल्यावर दोऱ्या मात्र त्याने एकट्याने बांधल्या. गाठींना डोळे लागत नाहीत. मग तिथेच लोखंडी खुंटावर बसून त्याने फोनला राजचं नाव सांगितलं.

“सर! आम्ही निघतोय हं दुपारी. गर्ल्स आर सो एक्सायटेड, गमबूट घालूनच बसल्यात घरात. वेदर कसं आहे तिकडे?”

हवेचं कारण आयतंच समोर आलं होतं. वारा सुटणार आहे म्हटलं असतं, की राजने बिचाऱ्याने आभारच मानले असते. पुढच्या महिन्याची तारीखही ठरली असती.

“वेदर छान आहे,” अंबरीश म्हणाला. “मला दिसत नाहीये, राज.”

“काय दिसत नाहीये, सर?”

“मासे. आणि माणसंही नीट दिसत नाहीत. एक डोळा गेलाय, दुसऱ्याचं आज कळेल. तुझ्या मुलींना माझ्या बोटीत नाही बसवायचं मला.”

पलीकडे मुलींचा गोंगाट चालला होता. राजने त्यांना दटावलेलं ऐकू आलं.

“सर… सॉरी. आय मीन, कधीपासून? मी येऊ का? बोट राहू द्या, तुम्हाला हेल्प वगैरे—”

“नको. नंतर ये. घरी ये मँचेस्टरला.” आणि मग, राहवेना म्हणून, “बोट चांगली होती रे. तू बघायला हवी होतीस.”

त्याने फोन खिशात ठेवला. सुमेधाला करायचा फोन अजून राहिला होता. तिला काय सांगायचं ते त्याला सुचत होतं. कुठून सुरू करायचं ते सुचत नव्हतं. ताईंनी रॉड, थर्मास, डबा सगळं नेऊन डिकीत ठेवलं आणि त्या त्याच्यासाठी थांबल्या. तो उठला, टोपी काढून केस सारखे केले आणि ताठ चालत ताईंच्या गाडीपाशी गेला. दरवाज्याचं हँडल हाताला लागलं. ओढलं, तेव्हा बाजूला कुणीतरी उभं असल्याचं त्याच्या लक्षात आलं.

ताई किल्ली हातात घेऊन उभ्या होत्या. हा ड्रायव्हरचा दरवाजा होता.

त्याला वेळ लागेल तेवढा त्यांनी लागू दिला. मग अंबरीशने त्यांच्यासाठी दरवाजा पुरता उघडून धरला, त्या बसल्यावर जपून लावला, आणि उन्हाने तापलेल्या बॉनेटवर हात टेकत, गाडीच्या तोंडाला वळसा घालून, तो डावीकडे गेला.